एक शतांश सेकंदाचा उच्चांक

शर्यत धावण्याची असो वा पोहण्याची, तिचा निवाडा एके काळी केवळ डोळ्यांनी होत असे. जो पुढे तो विजयी, एवढाच नियम. मग घड्याळ आले आणि शर्यतीत एक अदृश्य प्रतिस्पर्धी उतरला. जो समोर नाही, जो दुसऱ्या देशात आणि दुसऱ्याच वर्षी पोहून गेला, अशा माणसाशीही आता झुंज देता येऊ लागली. ह्या झुंजीच्या निकालाला उच्चांक म्हणतात. शब्द 'उच्च' अंकाचा असला, तरी येथे आकडा जितका लहान तितका मान मोठा. परंतु हा आकडा नेमके काय मोजतो? पोहणाऱ्याचे सामर्थ्य, की त्याच्या अंगावरील वस्त्राचे? हा प्रश्न २००९ साली रोम येथे चारशे मीटरांच्या एका शर्यतीने साऱ्या जगापुढे उभा केला.

त्या वर्षीच्या जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धेत २६ जुलै रोजी पुरुषांच्या चारशे मीटर फ्रीस्टाइल शर्यतीची अंतिम फेरी झाली. जर्मनीचा पाउल बीडरमान ३ मिनिटे ४०.०७ सेकंदांत पहिला आला. ट्युनिशियाचा उसामा मेल्लूली ३ मिनिटे ४१.११ सेकंद घेऊन दुसरा, तर चीनचा झांग लिन ३ मिनिटे ४१.३५ सेकंद घेऊन तिसरा ठरला. बीडरमान आपल्या शेजाऱ्यांच्या पुढे एका सेकंदाहून अधिक होता. तेथे वादाला जागाच नव्हती. वाद उठला तो समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्यावरून. ऑस्ट्रेलियाचा इयान थॉर्प ३० जुलै २००२ रोजी मँचेस्टर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत हेच अंतर ३ मिनिटे ४०.०८ सेकंदांत पोहला होता. त्याचा जागतिक उच्चांक सात वर्षांना चार दिवस कमी इतका काळ टिकला आणि अखेर एका शतांश सेकंदाने मोडला.

ह्या शतांशाचे मोल कळण्यासाठी प्रथम ह्या शर्यतीचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. फ्रीस्टाइल म्हणजे पोहण्याची वाटेल ती पद्धत वापरण्याची मोकळीक. व्यवहारात मात्र सर्वच स्पर्धक क्रॉल पद्धतीने पोहतात. कारण तिच्याहून वेगवान पद्धत माणसाला अद्याप सापडलेली नाही. पन्नास मीटरांचा तलाव आठ वेळा कापावयाचा आणि सात वेळा भिंतीशी कोलांटी घेऊन वळावयाचे. उडी मारल्यावर आणि प्रत्येक वळणावर पाण्याखालून जास्तीत जास्त पंधरा मीटर जाता येते. त्यापुढे डोके पाण्याबाहेर आलेच पाहिजे. बाकी सारे पोहणाऱ्याच्या दमावर आणि हिशेबावर सोडलेले असते.

हा हिशेब अवघड असतो. शंभर मीटरांच्या शर्यतीत बळ राखून ठेवण्याची फारशी गरज नसते. पंधराशे मीटरांच्या शर्यतीत ते पहिल्या हातापासून जपून वापरावे लागते. चारशे मीटरांचा मध्यम पल्ला ह्या दोहोंच्या कात्रीत सापडलेला आहे. तेथे वेग छोट्या पल्ल्याच्या जवळपासचा हवा आणि संयम मात्र लांब पल्ल्याचा. पहिल्या शंभर मीटरांत हात हलके असतात आणि नेमका तेथेच उतावळा स्पर्धक फसतो. दोनशे मीटरांनंतर स्नायूंना लागणारा प्राणवायू आणि श्वासावाटे मिळणारा प्राणवायू ह्यांचा मेळ बसेनासा होतो. खांदे जड होतात, पायांचा मारा मंदावतो, आणि कंबर नकळत पाण्यात खाली जाऊ लागते. शर्यतीचा खरा कस तिसऱ्या शंभरात लागतो आणि चौथ्या शंभरात तिचा निकाल लागतो, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कंबर खाली जाण्याला इतके महत्त्व का, हे पाण्याच्या गुणधर्मात पाहावयास मिळते. बीडरमानचा रोम येथील सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.८२ मीटर, म्हणजे ताशी साडेसहा किलोमीटर होता. रस्त्यावरून झपझप चालणारा माणूसही ह्या वेगाने जातो. जगातील सर्वश्रेष्ठ जलतरणपटू आणि बाजाराला निघालेला तरतरीत पादचारी ह्यांचा वेग एकच, ही गोष्ट ऐकताना विचित्र वाटते. परंतु त्यावरून पाण्याच्या विरोधाची कल्पना येते. पाणी हवेहून सुमारे आठशे पट घन आहे. त्यातून पुढे सरकणाऱ्या शरीराला तीन प्रकारे अटकाव होतो. त्वचेशी पाण्याचे घर्षण होते, ते एक. शरीराचा आकार पाणी दुभंगून मागे भोवरे निर्माण करतो, ते दुसरे. पृष्ठभागावर लाटा उठवण्यात शक्ती खर्ची पडते, ते तिसरे. कंबर आणि मांड्या खाली गेल्या, की पाण्यासमोर येणारा देहाचा भाग वाढतो आणि अटकाव लगेच वाढतो. त्यातही एक जाचक नियम असा, की वेग वाढवण्यासाठी लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग शंभरात एकाने वाढवावयाचा, तर शक्ती शंभरात तिनाने वाढवावी लागते. म्हणून जलतरणात केवळ अधिक बळ मिळवून फारसे साधत नाही. पाण्याचा अटकाव कमी करणारा अधिक पुढे जातो.

रोमचा तलाव ह्या गोष्टीचा जुना साक्षीदार आहे. तेथील फोरो इतालिको ह्या क्रीडासंकुलातील जलतरण-क्रीडागार १९६० च्या ऑलिंपिकसाठी सज्ज झाले. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या मरे रोझने तेथे चारशे मीटरांचे सुवर्णपदक ४ मिनिटे १८.३ सेकंदांत जिंकले आणि मेलबर्न येथे १९५६ साली मिळवलेले अजिंक्यपद राखले. त्याच ठिकाणी १९९४ च्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्याच किरन पर्किन्सने ३ मिनिटे ४३.८० सेकंदांचा जागतिक उच्चांक केला. चौतीस वर्षांत साडेचौतीस सेकंदांची घट! दरवर्षी सुमारे एक सेकंद कमी व्हावा, इतक्या नियमित गतीने ही शर्यत जलद होत गेली. ह्या प्रगतीत शास्त्रशुद्ध शिक्षण, वर्षभराचा सराव, वळणाची सुधारलेली पद्धत आणि तलावांची बदललेली रचना ह्यांचा वाटा होता. पुढे थॉर्पने १९९९ ते २००२ ह्या काळात हा उच्चांक पाच वेळा सुधारला. परंतु शेवटच्या दोन वेळी मिळून त्याला केवळ अर्ध्या सेकंदाचीच घट साधता आली. माणसाच्या सामर्थ्याची सीमा जवळ आली असावी, असे वाटू लागले होते.

ह्याच सुमारास वस्त्राने शर्यतीत प्रवेश केला. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पीडो ह्या कंपनीने एलझेडआर रेसर नावाचा पोशाख बाजारात आणला. त्याच्या कापडाची घर्षण-चाचणी अमेरिकेच्या 'नासा' ह्या अंतराळसंशोधन संस्थेच्या वायुबोगद्यात झाली होती. शिवणीचा टाका पाण्याला अडथळा करतो म्हणून तुकडे शिवण्याऐवजी ध्वनिलहरींच्या साहाय्याने जोडले होते, आणि कापडावर मोक्याच्या जागी पॉलियुरेथेनचे पत्रे बसवले होते. त्या वर्षीच्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे पंचवीस जागतिक उच्चांक मोडले. मग इतर कारखानदार मागे कसे राहणार? वर्षभरात असे पोशाख निघाले, की ज्यांत कापड जवळजवळ उरलेच नाही. खांद्यापासून घोट्यापर्यंत केवळ पॉलियुरेथेनचे चकचकीत आवरण. बीडरमानने रोम येथे घातलेला अरीना कंपनीचा एक्स-ग्लाइड हा ह्याच जातीचा पोशाख होता.

हे आवरण करी तरी काय? पहिली गोष्ट, ते पाणी शोषत नसे आणि त्यातून पाणी आरपार जात नसे. त्यामुळे घर्षण घटे. दुसरी गोष्ट, ते अंगाला इतके घट्ट आवळून धरी, की स्नायूंची थरथर थांबे आणि देह एखाद्या गुळगुळीत नळकांडीसारखा होई. त्यामुळे भोवरे कमी होत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा पोशाख पोहणाऱ्याला किंचित वर उचलून धरी. ज्यांनी गावच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहण्याचे पहिले धडे गिरवले असतील, त्यांना ह्या गोष्टीचे मर्म सांगावयास नको. भोपळा पोहत नाही. पोहतो तो मुलगाच. परंतु बुडण्याची काळजी भोपळ्याने वाहिली, की मुलाचे हातपाय पुढे जाण्यास मोकळे होतात. जगज्जेत्या स्पर्धकाला बुडण्याचे भय नसते, हे खरे. परंतु तिसऱ्या शंभरात खाली जाऊ पाहणारी त्याची कंबर ह्या आवरणाने वर राखली, तर तेथे वाचलेली शक्ती त्याला चौथ्या शंभरात खर्च करता येते. मध्यम पल्ल्याच्या स्पर्धकाला हा पोशाख वरदान का वाटला, ह्याचे उत्तर येथे आहे.

बीडरमानची शर्यत ह्या दृष्टीने पाहण्यासारखी होती. आरंभीच मुसंडी मारून आघाडी घेणाऱ्यांतला तो नव्हे. आपले बळ राखून ठेवून अखेरीस वेग वाढवणे, ही त्याची ख्याती. रोम येथेही शर्यतीच्या बऱ्याच मोठ्या भागात तो थॉर्पच्या जुन्या वेळेच्या मागेच होता. अखेरच्या टप्प्यात मात्र इतरांचे हात जड होत असताना त्याचा वेग चढत गेला आणि भिंतीला हात लागला तेव्हा फलकावर नवा उच्चांक उमटला. हे संयमाचे यश होते यात शंका नाही. त्या संयमाला पोशाखाची किती साथ मिळाली, हा प्रश्न मात्र त्याच क्षणी जन्माला आला.

हा प्रश्न विचारणारे केवळ पराभूत नव्हते. शर्यतीच्या दोन दिवस आधी, २४ जुलै रोजी, आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाची सर्वसाधारण सभा रोम येथेच भरली होती. त्या वेळी 'फिना' नावाने ओळखली जाणारी ही संस्था पुढे 'वर्ल्ड अॅक्वाटिक्स' झाली. ह्या सभेने १६८ विरुद्ध ६ मतांनी असे पोशाख बंद करण्याचे ठरवले. १ जानेवारी २०१० पासून केवळ विणलेल्या कापडाचे पोशाख चालतील आणि पुरुषांचा पोशाख कमरेपासून गुडघ्यापर्यंतच असेल, असा नियम झाला. म्हणजे रोमची स्पर्धा सुरू झाली तेव्हा तिच्यातील पोशाखांना संस्थेने दोषी ठरवले होते. शिक्षेची अंमलबजावणी तेवढी पाच महिन्यांनी व्हावयाची होती. ह्या चमत्कारिक संधिकाळात आठ दिवसांत त्रेचाळीस जागतिक उच्चांक मोडले गेले. सण रोजच आला, की त्याचे अप्रूप उरत नाही. उच्चांकांचेही तसेच झाले.

दोन दिवसांनी, २८ जुलै रोजी, दोनशे मीटरांच्या शर्यतीत वादाला उकळी फुटली. बीजिंग येथे आठ सुवर्णपदके मिळवणारा अमेरिकेचा मायकेल फेल्प्स आदल्या वर्षीच्या पोशाखात उतरला होता. बीडरमानने ही शर्यत १ मिनिट ४२.०० सेकंदांत जिंकून फेल्प्सचा उच्चांकही आपल्या नावे केला. फेल्प्सला १ मिनिट ४३.२२ सेकंद लागले. फेल्प्सचा शिक्षक बॉब बोमन इतका संतापला, की हे पोशाख बंद होईपर्यंत आपल्या शिष्याला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू न देण्याची भाषा त्याने केली. विशेष हे, की खुद्द बीडरमानने पोशाखाचे साहाय्य नाकारले नाही. पोशाखामुळे फरक पडतो हे त्याने मोकळेपणी मान्य केले आणि त्याच्यावाचून फेल्प्सला हरवण्याची इच्छा बोलून दाखवली. विजयाच्या घटकेला एवढी सरळ कबुली देणे सोपे नसते.

आता त्या एका शतांशाकडे वळावे. बीडरमानच्या वेगाने एका शतांश सेकंदात किती अंतर कापले जाते? अवघे १.८ सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या अंगठ्याची रुंदी. चारशे मीटरांच्या प्रवासात अंगठ्याएवढे अंतर! दोन स्पर्धक एकाच पाण्यात, एकाच वेळी पोहत असतील, तर हे अंतरही न्याय्य निकाल देण्यास पुरेसे असते. पहिला हात कोणाचा लागला, हे यंत्र सांगते. परंतु दोन शर्यती जेव्हा दोन निरनिराळ्या तलावांत होतात, तेव्हा गोष्ट बदलते. त्या काळी नियम असा होता, की पन्नास मीटरांचा तलाव पन्नास मीटरांहून तसूभरही कमी असता कामा नये. मात्र तो तीन सेंटिमीटरांपर्यंत जास्त भरला तर चालत असे. बांधकामात काही सवलत द्यावीच लागते. आठ फेऱ्यांत ही सवलत चोवीस सेंटिमीटरांवर जाते आणि तेवढे अंतर कापण्यास सुमारे तेरा शतांश सेकंद लागतात. मँचेस्टरचा वा रोमचा तलाव सदोष होता, असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु नियमाने मान्य केलेली सूट जेथे तेरा शतांशांची, तेथे एका शतांशावरून थॉर्प आणि बीडरमान ह्यांची श्रेष्ठता-कनिष्ठता ठरवणे म्हणजे धान्याच्या काट्यावर सोने तोलण्यासारखे आहे.

जलतरणाच्या जगाला हा धडा पूर्वी एकदा मिळाला होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरांच्या वैयक्तिक मिश्र शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी हे दोघे शतांशापर्यंत बरोबरीत आले. तेव्हा यंत्रातील सहस्रांश पाहण्यात आले आणि दोन सहस्रांशांच्या फरकाने लार्सनला सुवर्णपदक मिळाले. हा फरक काही मिलिमीटरांचा होता. एकाच तलावाच्या दोन मार्गिकांच्या लांबीतही तेवढा फरक असू शकतो, हे ध्यानी आल्यावर पुढे सहस्रांश पाहणे बंद झाले आणि शतांशापर्यंत बरोबरी झाल्यास दोघांनाही समान मान देण्याचा नियम झाला. किती सूक्ष्म मोजावे ह्यालाही मर्यादा असते. तिच्यापलीकडे आकडा मिळतो, पण सत्य मिळत नाही.

त्याच म्युनिकला चारशे मीटर फ्रीस्टाइलमध्येही एक कटू प्रसंग घडला. सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा रिक डीमाँट हा ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅड कूपरच्या पुढे बरोबर एका शतांशाने पहिला आला. परंतु तो दम्याचा रोगी होता आणि त्याच्या औषधात एफेड्रिन हे निषिद्ध द्रव्य निघाले. औषधाची माहिती त्याने आपल्या संघाच्या वैद्यकीय मंडळींना आधी दिली होती. ती योग्य ठिकाणी पोहोचली नाही आणि पदक गेले. त्याच्याच देशाच्या ऑलिंपिक समितीने ही हयगय २००१ साली मान्य केली; पदक मात्र परत मिळाले नाही. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, बेलग्रेड येथे पहिली जागतिक जलतरण अजिंक्यपद स्पर्धा भरली. तेथे डीमाँटने कूपरला पुन्हा हरवले आणि ३ मिनिटे ५८.१८ सेकंदांची वेळ देऊन चारशे मीटर चार मिनिटांच्या आत पोहणारा तो पहिला माणूस ठरला. पोहणाऱ्याचे स्वतःचे काय आणि बाहेरून आलेले काय, हा प्रश्न पोशाखाच्या कितीतरी आधी औषधाच्या रूपाने ह्या शर्यतीला भेटून गेला होता.

रोमच्या उच्चांकाची परीक्षा पुढील वर्षांनी घेतली. २०११ साली शांघाय येथील जागतिक स्पर्धेत बीडरमान नव्या नियमानुसार साध्या कापडाच्या चड्डीवर उतरला. त्याला ३ मिनिटे ४४.१४ सेकंद लागले आणि कांस्यपदक मिळाले. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या पार्क ते-ह्वानने नेले. दोन वर्षांत चार सेकंदांचा फरक! तो सारा पोशाखाच्या खात्यावर मांडणे योग्य नाही, कारण खेळाडूची तयारी दरवर्षी सारखी नसते. तरीही हा फरक बरेच काही सांगून जातो. आणखी एक गोष्ट मात्र तितक्याच आग्रहाने सांगितली पाहिजे. साध्या कापडावर, जगातील उत्तमोत्तम स्पर्धकांत तो तिसरा आला. दोनशे मीटरांतही त्याला त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळाले. केवळ पोशाखाने मोठा केलेला माणूस पोशाख उतरवल्यावर दिसेनासा झाला असता. तो तसा झाला नाही.

इकडे उच्चांक मात्र अढळ राहिला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चीनचा सुन यांग ३ मिनिटे ४०.१४ सेकंदांत पोहला. सात शतांश, म्हणजे सुमारे वीतभराहून कमी अंतर, त्याला नडले. २०२३ साली फुकुओका येथे ऑस्ट्रेलियाचा सॅम शॉर्ट ३ मिनिटे ४०.६८ सेकंदांत आणि ट्युनिशियाचा अहमद हफनावी ३ मिनिटे ४०.७० सेकंदांत आला. दोघेही जवळ आले आणि थांबले. ज्या आकड्याला काहींनी बनावट म्हटले होते, त्याच्या मागे लागून एक पिढी पोहत राहिली. शेवटी १२ एप्रिल २०२५ रोजी स्टॉकहोम येथे जर्मनीच्याच लुकास मेर्टेन्सने ३ मिनिटे ३९.९६ सेकंदांची वेळ नोंदवली आणि ३ मिनिटे ४० सेकंदांच्या आत जाणारा तो पहिला माणूस ठरला. बीडरमान हाले गावचा, मेर्टेन्स माग्देबुर्गचा. दोन्ही गावे जर्मनीच्या साक्सनी-आन्हाल्ट ह्या एकाच प्रांतातली. रोमची शर्यत झाली तेव्हा मेर्टेन्स सात वर्षांचा होता. सोळा वर्षांत उच्चांक सुधारला तो अवघ्या अकरा शतांशांनी; परंतु ह्या वेळी कमरेवर गुडघ्यापर्यंतच्या कापडाखेरीज काही नव्हते. दोनशे मीटरांचा बीडरमानचा उच्चांक तर २०२५ च्या सिंगापूर येथील जागतिक स्पर्धेनंतरही उभाच राहिला.

मग थॉर्पवर अन्याय झाला काय? ह्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. थॉर्प स्वतः सिडनी ऑलिंपिकपासून मनगटापासून घोट्यापर्यंतचा काळा पोशाख घालून पोहत असे. तो विणलेल्या कापडाचा होता, पॉलियुरेथेनचा नव्हे. तरीही मरे रोझने पाहिला असता, तर त्यालाही तो नवलाचाच वाटला असता. आणि रोझच्या काळचा तलावही त्याच्या आजोबांच्या काळच्या तलावासारखा कोठे होता? १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या हेन्री टेलरने हीच शर्यत ५ मिनिटे ३६.८ सेकंदांत जिंकली, ती धावण्याच्या मैदानाच्या मध्यभागी खणलेल्या तलावात. मार्गिका वेगळ्या करून लाटा शमवणाऱ्या दोऱ्या, डोळ्यांवरचे चश्मे, उंच ओटे, कोलांटीचे वळण, ह्यांपैकी प्रत्येक गोष्टीने पोहणाऱ्याला साहाय्य केलेच आहे. निर्भेळ, उघडा, केवळ स्वतःच्याच बळावर पोहणारा माणूस उच्चांकांच्या इतिहासात कोठेच सापडत नाही.

तथापि, म्हणून कोणतीच रेषा ओढू नये असे नव्हे. दोरी लाट शमवते, चश्मा डोळ्यांचे रक्षण करतो. परंतु शरीराचे वजन पेलण्याचे काम ते पोहणाऱ्याच्या वतीने करीत नाहीत. पोशाख जेव्हा ते करू लागला, तेव्हा तो वस्त्र राहिला नाही, साधन झाला. पोहण्याच्या कलेचा गाभाच मुळी पाण्यावर देह तोलून धरण्यात आहे. वर्षानुवर्षे पहाटे उठून जो तोल एखाद्याने कमावला, तो दुसऱ्याला दुकानात विकत मिळू लागला, तर सरावाचे मोल उरत नाही. आणि ज्या देशाच्या स्पर्धकाला तो पोशाख परवडत नाही, तो सूर मारण्यापूर्वीच हरलेला असतो. १६८ मते पडली ती ह्या जाणिवेतून.

महासंघाने पोशाख बंद केले, पण त्या काळातील उच्चांक पुसले नाहीत, की त्यांच्यापुढे कोणतीही खूण केली नाही. ह्या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. परंतु त्यात एक न्याय होता. त्या दिवशी जो नियम होता, तो बीडरमानने पाळला होता. तो पोशाख घालण्याची मुभा त्याच्या शेजारच्या सर्व स्पर्धकांना होती. नियम करणाऱ्यांच्या दिरंगाईची शिक्षा नियम पाळणाऱ्याला देता येत नाही. विजय आणि उच्चांक ह्या दोन गोष्टी एका श्वासात उच्चारल्या जातात. वास्तविक त्या भिन्न आहेत. विजय हा एकाच पाण्यात, एकाच क्षणी, समोरासमोर मिळवायचा असतो. तो बीडरमानचा निर्विवाद होता. उच्चांक ही मात्र दूरच्या माणसाशी केलेली तुलना आहे. तिच्यात तलाव, वस्त्र, नियम आणि काळ हे सारे अबोल भागीदार असतात. त्या एका शतांशात ह्या भागीदारांचा वाटा किती, हे कोणतेही घड्याळ सांगू शकणार नाही. घड्याळाचे काम वेळ सांगण्याचे. ती वेळ कशाकशाची मिळून झाली, हे पाहण्याचे काम माणसाचे आहे, आणि ते केल्यावाचून कोणताही उच्चांक पुरता वाचला जात नाही.